राफा बेनितेझचं लिव्हरपूल : इस्तंबूल बाजूला ठेवून बोलूया

लालकट्टा

लिव्हरपूल आणि स्पॅनिश प्रशिक्षक म्हटलं की गप्पांची गाडी इस्तंबूलवर जाऊन थांबते. २५ मे २००५, चँपियन्स लीगचा अंतिम सामना, हाफटाइमला एसी मिलान ३-० पुढे, मग सहा मिनिटांत तीन गोल आणि शेवटी पेनल्ट्या. त्या रात्रीबद्दल कुणीही कितीही वेळा बोललं तरी मी ऐकत बसेन. पण राफाने क्लबवर जी छाप सोडली ती मला २००८-०९ च्या संघात दिसते. त्या संघाने एकही चषक जिंकला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

इस्तंबूलला सुरुवातीला उतरलेल्या अकरा जणांत राफाने आणलेले दोघेच होते, शाबी अलोन्सो आणि लुईस गार्सिया. बाकी नऊ जण आधीचा मॅनेजर जेरार्ड हूलिएच्या वेळेपासून क्लबमध्ये होते. त्या मोसमात लीगमध्ये लिव्हरपूल ५८ गुणांवर पाचवं आलं, एव्हर्टनच्याही खाली. आता १४ मार्च २००९ चा ओल्ड ट्रॅफर्डवरचा सामना घ्या, मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या घरात ४-१ हरवलं तो. सुरुवातीच्या अकरात राफाची माणसं आठ : रेना, श्कर्टेल, ऑरेलियो, मास्चेरानो, लुकास, काउट, रिएरा, टोरेस. अलोन्सो त्या दिवशी खेळला नव्हता, तरीही. आणि चारच दिवस आधी घरच्या ॲनफील्डवर रियाल माद्रिदला ४-० असं लोळवलं होतं.

राफा आला व्हॅलेन्सियाहून. तिथे २००१-०२ आणि २००३-०४ अशा दोन ला लिगा, शिवाय २००४ चा युएफा कप. खेळाडू खरेदीवरून तिथल्या व्यवस्थापनाशी बिनसलं. मी सोफा मागितला आणि यांनी दिवा आणून दिला, असं तो म्हणाला होता. जून २००४ मध्ये लिव्हरपूलने त्याला घेतलं. प्रीमियर लीगमधला तो पहिला स्पॅनिश मॅनेजर. सोबत त्याचा जुना सहकारी पाको आयेस्तरान होता.

राफाचा आदर्श म्हणजे आरिगो साकीचं मिलान. बचाव, मधली फळी आणि आघाडी यांच्यातलं अंतर कमी ठेवायचं आणि चेंडू सरकेल तसं अख्ख्या संघाने सरकायचं. मेलवूडवर, म्हणजे क्लबच्या सरावाच्या मैदानावर, तो सराव मध्येच थांबवून एकेकाला चार पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करायला लावायचा. जेमी कॅरागर हूलिएकडे फुलबॅक खेळायचा. राफाने आल्या आल्या त्याला हूपियाच्या शेजारी सेंटर बॅक केलं आणि पुढची कित्येक वर्षं ती जागा दुसऱ्या कुणाची झाली नाही.

त्याचं डोकं कसं चालायचं याचा माझा सर्वांत आवडता दाखला फेब्रुवारी २००७ मधला, बार्सेलोनाच्या कँप नाऊवरचा. समोर १९ वर्षांचा मेस्सी, उजव्या बाजूने येऊन डाव्या पायावर आत वळणारा. राफाने त्याच्यासमोर लेफ्ट बॅकला नुकताच आलेला अल्वारो आर्बेलोआ उभा केला, जो मुळात राइट बॅक आणि उजव्या पायाचा. मेस्सी आत वळला की आर्बेलोआचा भरवशाचा पाय आधीच त्या वाटेवर. नेहमीचा लेफ्ट बॅक रीसे त्याच्या पुढे मधल्या फळीत. लिव्हरपूल २-१ जिंकलं आणि विजयी गोल रीसेने मारला, तोही उजव्या पायाने.

इंग्लंडमध्ये तोवर 'जिगर' हा शब्द फार चालायचा. टॅकल किती जोरात, धावला किती, घाम किती गाळला. राफाने लिव्हरपूलच्या चाहत्यांना जागा बघायला शिकवलं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

मिडफिल्ड_जनरल

लेख आवडला, पण इस्तंबूल असं बाजूला ठेवता येणार नाही. प्रशिक्षकाचं काम बघायचं असेल तर त्या हाफटाइमइतकी चांगली जागा नाही. फिनन जखमी निघाला. जिमी त्राओरेला तू बाहेर असं सांगून झालं होतं, तो शॉवरला निघाला होता, त्याला परत बोलावलं. हामान आत आला, मागे तिघेच ठेवले आणि मिलानचा काका ज्या मोकळ्या जागेत बागडत होता तिथे हामान जाऊन बसला. त्यामुळे कर्णधार स्टीव्हन जेरार्ड पुढे जायला मोकळा झाला आणि ५४ व्या मिनिटाला त्याचं हेडर. नंतर मिलानचा सेर्जिन्यो डावीकडून त्रास द्यायला लागल्यावर त्याच जेरार्डला राइट बॅकला पाठवलं. कर्णधार एका सामन्यात तीन जागांवर खेळला. चमत्कार म्हणून सोडून दिलं तर राफाचं श्रेय कमी होतं.

आणि ऑलिंपियाकोस? ८ डिसेंबर २००४, त्याच चँपियन्स लीगची गटफेरी, पुढे जायला दोन गोलांच्या फरकाने जिंकायलाच हवं होतं आणि हाफटाइमला ०-१ मागे. तिथेही त्राओरेला काढून सिनामा-पोंगोलला आणलं. तो आला आणि दोन मिनिटांत गोल.

लालकट्टा

मान्य, हाफटाइमचे बदल अव्वल होते. माझं म्हणणं इतकंच की तिथे तो दुसऱ्याच्या माणसांकडून स्वतःचा खेळ करून घेत होता. २००८-०९ मध्ये माणसंही त्याची होती आणि खेळही.

सुमेधा_नाशिक

२००८-०९ बद्दल इतकं प्रेमाने लिहिलंत, मग लीग का गेली तेही लिहा. ८६ गुण, ३८ पैकी फक्त दोन पराभव, टॉटनहॅम आणि मिडल्सब्रो. ७७ गोल. युनायटेडला दोन्ही सामन्यांत हरवलं, चेल्सीला दोन्ही सामन्यांत हरवलं. स्टॅमफर्ड ब्रिजवरचा चेल्सीचा लीगमधला ८६ सामन्यांचा अपराजित प्रवास अलोन्सोच्या गोलने संपला. आणि तरी युनायटेड ९० गुणांवर चँपियन.

मग गेलं कुठे? ११ बरोबऱ्या. त्यातल्या सात ॲनफील्डवर. स्टोक, फुलहॅम, वेस्ट हॅम यांच्याशी घरच्या मैदानावर ०-०. जो माणूस मेस्सीसाठी उजव्या पायाचा लेफ्ट बॅक शोधतो, त्याला दहा जण मागे बसवणारा स्टोक फोडता आला नाही. पुढे जागा असली की हा संघ भन्नाट, जागाच नसली की अडकलाच. हा दोष राफाच्या विचारातच होता, नुसतं नशीब म्हणता येणार नाही.

शिवाय रोटेशन. २००६ पर्यंत जवळजवळ शंभर सामने ओळीने त्याने तोच संघ पुन्हा उतरवला नाही. रॉबी कीनला २००८ च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमकडून एवढ्या मोठ्या किमतीला घेतलं, सतत मध्येच बाहेर काढलं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा टॉटनहॅमलाच विकलं. खेळाडूची लय बसते तेव्हा त्याला खेळू द्यायचं असतं, हे त्याला कधी पटलंच नाही.

आणि ९ जानेवारी २००९ ची पत्रकार परिषद! लिव्हरपूल गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर, आणि हे खिशातून कागद काढून युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनविरुद्ध 'फॅक्ट्स' वाचतात. दुसऱ्याच दिवशी स्टोकशी ०-०, मग एव्हर्टनशी १-१, विगनशी १-१.

जुना_भिडू

सुमेधाताईंना +१. त्या परिषदेने संघ ढासळला असं मी म्हणणार नाही, मार्च-एप्रिलमध्ये तर हाच संघ सुसाट होता. पण घरच्या बरोबऱ्यांचं गणित अगदी बरोबर.

आणखी एक गोष्ट कुणीतरी म्हणायला हवी. लिव्हरपूलला युरोपीय वळण राफाने लावलं असं सर्रास लिहिलं जातं, ते हूलिएवर अन्याय करणारं आहे. खाणंपिणं, दारू, मेलवूडची नव्याने उभारणी, परदेशी खेळाडूंचं जाळं हे सगळं त्या फ्रेंच माणसाचं काम. २००१ मध्ये एफए कप, लीग कप आणि युएफा कप त्यानेच जिंकले. राफाला नांगरलेली जमीन मिळाली.

लालकट्टा

@सुमेधा_नाशिक, घरच्या बरोबऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर टोरेस. त्या मोसमात मांडीच्या स्नायूने त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं, आणि बंद बचाव फोडायला तोच लागत होता. आदल्या मोसमात, म्हणजे इंग्लंडमधल्या पहिल्याच वर्षी, त्याने लीगमध्ये २४ गोल केले होते. तो आणि जेरार्ड जोडीने पुढे असले की काय व्हायचं ते माद्रिदने बघितलंय.

रोटेशनबद्दल मात्र मी राफाच्या बाजूने. आज प्रत्येक मोठा क्लब खेळाडूंच्या मिनिटांचा हिशोब ठेवतो. २००५ मध्ये तो ठेवणाऱ्या माणसाला इंग्लिश वर्तमानपत्रांनी लहरी ठरवलं.

@जुना_भिडू, हूलिएबद्दल शब्द न् शब्द मान्य.

पेठेतला_गोली

कोल्हापुरातनं लिहितोय, गोलकीपर खेळलोय म्हणून माझं दोन पैशाचं मत. झोनल मार्किंगचा विषय कुणी काढलाच नाही अजून!

राफानं कॉर्नरला झोनल आणलं, म्हणजे एकेक माणूस न धरता एकेक जागा राखायची, तेव्हा इंग्लंडच्या टीव्हीवर दर आठवड्याला त्याच्या नावानं बोंब. गोल खाल्ला की लगेच, बघा, माणसाला कुणी धरलंच नाही. आता गोलीच्या नजरेनं सांगतो. मॅन मार्किंगमध्ये माझ्या पुढ्यात आठ-दहा जणांची झोंबाझोंबी असते. कोण कुठं ओढला जाईल सांगता येत नाही, बाहेर यायला वाट नाही. झोनलमध्ये मला आधीच ठाऊक असतं की जवळच्या खांबापाशी कोण, सहा यार्डाच्या रेषेवर कोण, आणि कुठला चेंडू माझा. तोटा एकच, समोरचा धावत येऊन उडी मारतो आणि आपला माणूस जागेवरनं मारतो. तो तोटा हायच. पण मॅन मार्किंगमध्ये गोल झाला तर एका खेळाडूला शिव्या बसतात, झोनलमध्ये झाला तर सगळ्या पद्धतीलाच. हा कुठला न्याय?

आणि रेकॉर्ड बघा की. पेपे रेना २००५ ला व्हिलारियालवरनं आला, लगेच तीन वर्षं ओळीनं गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे लीगमध्ये सर्वांत जास्त सामने गोल न खाणाऱ्या गोलीचं बक्षीस. २००५ च्या हिवाळ्यात सलग ११ सामने गोल खाल्ला नाही. २००५-०६ मध्ये लीगच्या ३८ सामन्यांत फक्त २५ गोल खाल्ले. पद्धत फसलेली असती तर हे आकडे आले असते काय?

रेनाचं अजून एक. चेंडू हातात आला की तो वर बघायचाच. हातानं लांब फेकून थेट विंगरला. हल्ली गोलीनं पायानं खेळायला पाहिजे म्हणतात, ते आम्ही पहिल्यांदा बघितलं रेनाकडं.

मिडफिल्ड_जनरल

गोलीसाहेब, वा! हा प्रतिसाद वेगळा धागा होण्याच्या लायकीचा आहे.

मर्सीकाठची_मीरा

मी विरलला राहते, नदीच्या पलीकडे लिव्हरपूल. राफाचं कुटुंबही याच बाजूला राहतं. मॅनेजर म्हणून २०१० मध्ये गेला तरी त्यांनी घर इथलंच ठेवलं.

तुम्ही सगळे डावपेचांवर लिहिताय, पण इथल्या लोकांशी बोलताना राफाचं नाव निघालं की बऱ्याचदा दुसरीच गोष्ट आधी येते. जून २०१० मध्ये क्लब सोडल्यावर त्याने हिल्सबरोच्या कुटुंबांच्या संघटनेला ९६,००० पौंड दिले. १५ एप्रिल १९८९ च्या, हिल्सबरो मैदानावरच्या त्या चेंगराचेंगरीतल्या मृतांचा आकडा तेव्हा ९६ धरला जायचा, आज तो ९७ आहे. पोलिसांच्या चुका झाकण्यासाठी चाहत्यांनाच दारुडे ठरवलं गेलं होतं, आणि त्याविरुद्ध ही कुटुंबं वर्षानुवर्षं लढत होती. २०१२ चा स्वतंत्र समितीचा अहवाल यायला अजून दोन वर्षं होती. एखाद्या परक्या माणसाने शहराचं दुःख ओळखणं म्हणजे काय ते इथे राहून मला कळतं.

याच्या उलट बाजूही इथेच दिसली. २००७ च्या लिव्हरपूल-एव्हर्टन डर्बीनंतर तो एव्हर्टनला 'छोटा क्लब' म्हणाला होता. जून २०२१ मध्ये तोच एव्हर्टनचा मॅनेजर झाला. नेमणुकीआधीच त्याच्या घराच्या परिसरात धमकीचा फलक लागला. जानेवारी २०२२ मध्ये त्याला काढलं. माझे एव्हर्टनवाले शेजारी त्याच्याबद्दल बोलायलाही तयार नसतात, आणि मला त्यांचंही समजतं.

पण स्पॅनिश प्रशिक्षक म्हणून एव्हर्टनवाल्यांना विचारलंत तर ते रॉबेर्तो मार्तिनेझचं पहिलं वर्ष सांगतील. २०१३-१४, ७२ गुण, प्रीमियर लीगमधली त्यांची सर्वांत मोठी गुणसंख्या. तो खेळाडू म्हणून १९९५ मध्येच विगनला आला होता. त्यामुळे इंग्लिश फुटबॉल त्याला आतून ठाऊक होता. राफाला शेवटपर्यंत बाहेरचाच मानलं गेलं.

अभिजित_ठाणे

किर्कबीच्या अकादमीचा उल्लेख हवाच. माझ्या मते राफाचं सर्वांत दुर्लक्षित काम ते.

राफाची तक्रार होती की मुख्य संघ मेलवूडला, अकादमी किर्कबीला आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. २००६ आणि २००७ चा एफए यूथ कप लिव्हरपूलच्या पोरांनी जिंकला, पण त्यातले मुख्य संघात टिकलेले शोधावे लागतात. मार्च २००९ च्या नव्या करारात त्याला अकादमीवर अधिकार मिळाला. त्याच उन्हाळ्यात बार्सेलोनाच्या युवा संघांचा प्रशिक्षक रोडोल्फो बोरेल आला, ज्याच्या हाताखाली लहानपणी मेस्सी, फाब्रेगास, पिके खेळले होते. सोबत पेप सेगुरा. केनी डाल्ग्लिशलाही राफानेच क्लबमध्ये परत बोलावलं, अकादमीच्या कामासाठी. बोरेलने आल्यावर तिथली अवस्था बघून उघडपणे नाराजी व्यक्त केली होती.

मग १८ वर्षांखालचा संघही मुख्य संघासारखाच चेंडू राखून खेळायला लागला. २०१० मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सकडून १५ वर्षांचा रहीम स्टर्लिंग घेतला, काडिझकडून सुसो आणला. वर्षभरात राफा गेला आणि त्याची फळं पुढच्या मॅनेजरांनी खाल्ली. मालक हिक्स आणि जिलेट क्लब कर्जात बुडवत होते, त्या काळात राफाने पंधरा वर्षांच्या पोरांचा विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मडगांवचो_बाबूश

अभिजितबाब, बोरेलचा पुढचा प्रवास आमच्यापर्यंत येतो. २०१४ मध्ये तो मँचेस्टर सिटीत गेला, नंतर ग्वार्दिओलाचा सहायक झाला. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी आमच्या एफसी गोवाचा माजी प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा तिथे नेला. तोही बार्सेलोनात घडलेला. २०२०-२१ मध्ये मुंबईने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड आणि चषक दोन्ही घेतले.

गोव्यात लोबेरा २०१७ ला आला तेव्हा आम्ही हेच अनुभवलं जे तुम्ही लिव्हरपूलबद्दल लिहिता. कोरोमिनासचे गोल सगळ्यांना आठवतात. पण मी फातोर्ड्याच्या मैदानात बसून बघितलं ते हे, की आमचे बचावपटू दडपण आलं तरी चेंडू भिरकावून देत नव्हते. चुकायचे, गोल खायचे, तरी पुन्हा तेच करायचे. चाहत्यांनी धीर धरला कारण खेळ बघायला सुंदर होता. राफाचा खेळ मात्र लोबेरासारखा नव्हता हं. स्पॅनिश म्हटलं की सगळे बार्सेलोनाच असं नसतं. राफा माद्रिदचा आणि त्याचं पहिलं प्रेम बचाव.

लालकट्टा

बाबूश, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता. राफाला पास मोजण्यात रस नव्हता, आपल्या मागे किती जागा उघडी आहे हे तो मोजायचा. अलोन्सो आणि मास्चेरानो ही जोडी त्याच विचारातून आली. एक चेंडू हिसकावणारा, एक चेंडू पोचवणारा, त्यांच्या पुढे मोकळा सोडलेला जेरार्ड. २००९ चा पत्रकारांचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जेरार्डला मिळाला तो याच रचनेत. दोघांचं नातं थंड होतं, राफा पाठ थोपटायचा नाही, हे जेरार्डने स्वतः सांगितलंय. तरी त्याच्या कारकिर्दीची सर्वोत्तम वर्षं राफाच्या हाताखालची आहेत.

सुमेधा_नाशिक

आणि तीच जोडी राफाने स्वतःच मोडली. २००८ मध्ये गॅरेथ बॅरीसाठी अलोन्सोला विकायला निघाला होता. विक्री फिसकटली, अलोन्सो राहिला आणि आयुष्यातला सर्वोत्तम मोसम खेळला. पण मन तुटलेलं होतं. २००९ च्या उन्हाळ्यात ३ कोटी पौंडांना रियाल माद्रिद. त्याच्या जागी रोमाचा अक्विलानी, जो घोट्याची दुखापत घेऊनच आला. दुसऱ्या क्रमांकावरून थेट सातव्या क्रमांकावर. माणसांशी कसं वागायचं यात राफा कमी पडला आणि त्याची किंमत त्यानेच मोजली. मालकांनी पैसे रोखले हे खरं, पण अलोन्सोला दुखावलं ते मालकांनी नव्हे.

लालकट्टा

यावर वाद घालणार नाही. त्या विक्रीचा सल मला आजही आहे. पुढे अलोन्सोने प्रशिक्षक होऊन २०२३-२४ ला लेव्हरकुझेनला एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकून दिली, तेव्हा आनंद झाला आणि तो सल आणखी वाढला.

नवी_प्रेक्षक

मी क्लॉपच्या काळात बघायला लागले, त्यामुळे यातलं काहीच पाहिलेलं नाही. राफाचा एकच पूर्ण सामना बघायचा तर कोणता? इस्तंबूल सोडून सांगा.

लालकट्टा

१ मे २००७, ॲनफील्ड, चेल्सीविरुद्ध चँपियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा लेग. पहिला लेग ०-१ हरलेला. २२ व्या मिनिटाला डावीकडे फ्री किक मिळते. सगळी चेल्सी हवेतल्या चेंडूसाठी सज्ज, आणि जेरार्ड जमिनीलगत चेंडू मागे सरकवतो. डॅनियल अगर धावत येऊन डाव्या पायाने थेट मारतो. तो गोल तीन-चारदा मागे नेऊन बघा, आणि अगरकडे न बघता पेटीतल्या बाकीच्या लाल शर्टांकडे बघा, कोण कुणाला कुठे घेऊन जातंय ते. सामना पेनल्ट्यांवर जातो, रेना रॉबेन आणि जेरेमी दोघांच्या अडवतो, शेवटची काउट मारतो. पेनल्ट्या चालू असताना कॅमेरा राफावर जाईल, तो सीमारेषेपाशी गवतावर मांडी घालून बसलेला दिसेल.

पेठेतला_गोली

आणि रेनानं रॉबेनची पेनल्टी कुठल्या बाजूला झेप घेऊन अडवली ते बघून इथं लिहा. तिथनं गोलकीपरांचा धागा काढतो.